मालकीणबाईंच्या मापाचे बूट

कागदोपत्री पाहिलं तर दुकानाच्या मालकीण वहिनीच होत्या. परवाना त्यांच्या नावे, बँकेतलं खातं त्यांच्या नावे, पावतीपुस्तकावरही त्यांचंच नाव. लग्न झालं त्या वर्षी कुण्या हिशेबनिसाने भाऊंच्या कानात सांगितलं होतं, की दुकान बायकोच्या नावावर असलं तर कर कमी बसतो. कर वाचवण्यासाठी भाऊ कुठलाही त्याग करायला तयार असत. त्यांनी मालकीचाही त्याग केला आणि दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यावर पूर्वीसारखेच बसू लागले.

दुकान बुटा-चपलांचं. खालपासून छतापर्यंत खोकीच खोकी, मधे गिऱ्हाइकांसाठी दोन स्टुलं, पायाशी तिरका आरसा, मागे भाऊंची दुपारची झोपायची जागा. साऱ्या रस्त्याचे ते भाऊ आणि त्या वहिनी. घरात मात्र भाऊंची हाक "अगं ए" एवढीच. "मालकीणबाई" ही हाक फक्त सहीच्या वेळी यायची.

"मालकीणबाई, सही!"

की वहिनी हातातलं काम टाकून, हात पुसत यायच्या. कागदावर भाऊंनी पेन्सिलीने बारीकशी फुली मारलेली असायची. फुली दिसली की सही. वहिनी काही अडाणी नव्हत्या, चांगल्या पदवीधर होत्या. अर्थशास्त्रात दुसरा वर्ग मिळाला होता. पण कागद वाचायला घेतला की भाऊ म्हणायचे, "वाचतेस काय? मी फसवतोय की काय तुला?" आता नवऱ्याला असं वाटू द्यायचं म्हणजे सही करण्यापेक्षा मोठं संकट. मग त्या सही करायच्या.

पुढे सह्या फोनवर गेल्या. दुकानाच्या फोनमध्ये मालकीणबाईंचं डिजिटल ओळखपत्र आलं आणि सहीऐवजी चेहरा लागू लागला. भाऊ फोन घेऊन घरभर वहिनींना शोधायचे आणि सापडतील तिथे फोन तोंडासमोर धरायचे. भांडी घासताना, केस विंचरताना, एकदा तर तोंडाला साबण लावलेला असताना. त्या दिवशी यंत्राला मालकीण ओळखू येईना. "धू लवकर, माल अडलाय!" भाऊ न्हाणीघराबाहेरून ओरडत होते.

एवढ्या मोठ्या बुटांच्या दुकानाच्या मालकिणीच्या पायात काय असायचं? याचं उत्तर भाऊंच्या धंद्याच्या एका पद्धतीत होतं. दर्शनी काचेत ते प्रत्येक जोडातला उजवा बूट तेवढा मांडत. दोन्ही मांडले तर चोराची चांदी, एकट्या उजव्याला कोण हात लावणार? शिवाय मांडायचे ते मोठ्या नंबरचेच, कारण मोठा बूट काचेत रुबाबदार दिसतो. महिना-दोन महिने ऊन खाऊन तो उजवा फिका पडायचा. खोक्यातला डावा गडदच राहायचा. असा दुरंगी जोड गिऱ्हाईक घेत नाही. टाकवतही नाही. मग तो घरी यायचा.

"घे. अगदी नवा आहे. कुणी पायसुद्धा घातलेला नाही."

"मोठा होतोय हो."

"अर्धा नंबर मोठाच घालावा. पायाला हवा लागते."

हे भाऊंचं ब्रीदवाक्य होतं. गिऱ्हाइकाने कुठलाही नंबर सांगितला, की भाऊ गुडघ्यावर बसून त्याचं पाऊल हातात घेत, अंगठ्याने दाबत आणि गंभीरपणे म्हणत, "साहेब, अर्धा नंबर मोठा घ्या." लोकांना वाटायचं काय अनुभव आहे! खरी गोष्ट एवढीच, की लहान आणि मधले नंबर लवकर संपत आणि मोठे उरत. वहिनींच्या वाट्याला अर्धा कसला, चांगला दीड नंबर जास्त यायचा. त्या पुढे कापूस कोंबायच्या, नाडी करकचून आवळायच्या आणि रंगांचं वेगळेपण लपावं म्हणून जरा भराभर चालायच्या.

असं पाऊल किती वर्षं सोसणार? टाच दुखू लागली. मग घोटा, मग गुडघा. शेवटी वहिनी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि मग खाली काढून ठेवलेले बूट पाहिले. त्यातला कापूस चिमटीत धरून बाहेर ओढला.

"हे कुणाचे आहेत?"

"माझेच."

"मिस्टर काय करतात तुमचे?"

"बुटांचं दुकान आहे त्यांचं." मग खोटं बोलल्यासारखं वाटून वहिनी पुढे म्हणाल्या, "म्हणजे माझंच आहे."

डॉक्टरीणबाईंनी समोरच्या कागदावर वहिनींचं वय पुन्हा एकदा पाहिलं. मग शांतपणे सांगितलं, की औषध काही नाही. स्वतःच्या मापाचे, चांगल्या टाचेचे बूट घाला आणि रोज सकाळी चाला. आत्ता चालला नाहीत, तर पुढे चालायचं म्हटलं तरी चालता येणार नाही.

वहिनींच्या आईची शेवटची वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीत गेली होती. खुर्ची तीच, खिडकी तीच. रस्त्यावरून कोण कुणाबरोबर गेलं, कुणी नवीन छत्री घेतली, एवढंच तिचं जग उरलं होतं. "आज तो निळ्या सदऱ्याचा आला नाही," आई काळजीने म्हणायची. तो निळ्या सदऱ्याचा कोण, हे तिलाही माहीत नव्हतं. वहिनींना त्या खुर्चीची जेवढी भीती वाटायची तेवढी मरणाचीही वाटत नव्हती.

घरी येऊन त्यांनी भाऊंना सांगितलं. भाऊ कळवळले. बायकोवर त्यांचा जीव नव्हता असं नाही. ते तडक उठले, काचेत हात घातला आणि एक उजवा बूट काढून म्हणाले, "हा बघ. याचा रंग तर फारसा उडालेलाही नाही."

वहिनींनी तो हातात घेतला. मागून घेणं त्यांना जमलंच नव्हतं कधी. "मला काय करायचंय नवीन" हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता सगळ्यांचा त्यावर विश्वास बसला होता.

लेक परगावी नोकरी करायची. ती सुट्टीला आली, तेव्हा आई जिना उतरताना कठडा धरते हे तिने पाहिलं आणि तिच्या तोंडून सगळं काढून घेतलं.

"बाबांना कशाला सांगत बसतेस? तुला मी एक एआय एजंट लावून देते. तुझ्या वतीने खरेदी करेल. दुकानातलं फिकं-गडद काही नको आता."

"मशीन खरेदी करणार? माझ्या पैशांनी?"

"तुझ्या परवानगीने. तू सांगायचंस काय हवं, किती रकमेपर्यंत, कधीपर्यंत. तो शोधणार, तुला दाखवणार. तू चेहरा दाखवलास की तेवढ्या एका खरेदीपुरती त्याच्याकडे तुझी चिठ्ठी. विकणारा ती तपासून घेतो, खरंच तुझी आहे ना."

"म्हणजे तुला मी लहानपणी चिठ्ठी देऊन वाणसामानाला पाठवायचे, तसं."

"अगदी तसं. फक्त हा उरलेल्या सुट्या पैशांच्या गोळ्या खाऊन येत नाही."

वहिनींना हसू आलं, पण काळजी काही गेली नाही. "आणि माझा चेहरा कुणी चोरला म्हणजे? उद्या माझं तोंड दाखवून कुणी फ्रीज घेतला तर?"

"पत्ता तुझ्या ओळखपत्रावरचाच आहे, आई. फ्रीज आपल्याकडेच येईल. चोराला काय मिळणार?"

दुसरा फ्रीज आला तर तो ठेवायचा कुठे, या विचाराने वहिनींना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

वहिनींचा स्वतःचा फोन जुनाट होता, त्यात हे काही बसेना. ओळखपत्र होतं ते दुकानाच्या फोनमध्ये. लेकीने एजंट त्यातच बसवला. निघताना बॅग खांद्यावर अडकवत ती दारातून पुन्हा मागे वळली. "आई, एकच लक्षात ठेव. चेहरा दाखवायच्या आधी सगळं वाच. अक्षर न् अक्षर."

"वाचते गं. तू पोचलीस की फोन कर. खिडकीशी बसू नकोस. आणि कुणी काही खायला दिलं तर घेऊ नकोस."

"आई, मी तीस वर्षांची आहे."

"म्हणूनच सांगते. लहानांना कुणी गुंगीचं औषध देत नाही."

पुढे एक दिवस दुपारी वहिनी गल्ल्यावर एकट्याच होत्या. मागे भाऊंचं घोरणं लयीत चाललं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी फोन हातात घेतला, तो जरा तोंडाजवळ नेला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "एजंटसाहेब, आहात का?"

"नमस्कार. बोला, काय घ्यायचं आहे?" आवाज फार सभ्य होता.

इतक्या आपुलकीने त्यांना फार दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मग काय, वहिनींनी टाचेपासून सुरुवात केली. डॉक्टरीणबाई, कापूस, आईची खुर्ची, निळा सदरा, सगळं सांगितलं. एजंटने मधे एकदाही जांभई दिली नाही.

"म्हणजे तुम्हाला रोज चालण्यासाठी, टाचेला आधार देणारे बूट हवे आहेत. नंबर?"

"साडेसात," वहिनी सवयीने म्हणाल्या.

"कोऱ्या कागदावर पाऊल ठेवून फोटो दाखवता का?"

वहिनींनी खोक्यातला पातळ कागद जमिनीवर अंथरला, त्यावर पाऊल ठेवलं. आपल्याच दुकानात आपण पहिल्यांदाच माप देतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि उगाचच लाजल्यासारखं झालं.

"तुमचा नंबर सहा आहे."

"सहा? नाही हो. मी साडेसातची आहे."

"तुमच्या पावलाचं माप सहा आहे," एजंट नम्रपणे म्हणाला. वहिनी आपल्या पावलाकडे बघत राहिल्या. कुणी येऊन सांगावं, की बाई, तुमचं वय तुम्ही समजता त्याहून कमी आहे, तसं काहीसं त्यांना वाटलं.

मग एजंटने एक जोड दाखवला. करडा रंग, टाच भरदार, दोन्ही पाय एकाच रंगाचे. वहिनींना तो बघताक्षणी आवडला.

"तुमचं ओळखपत्र पादत्राणांच्या व्यापाऱ्याचं आहे," एजंट म्हणाला. "त्यामुळे ही खरेदी किरकोळ दराने किंवा व्यापारी दराने, दोन्ही प्रकारे होऊ शकते. व्यापारी दराच्या अटी वेगळ्या आहेत. कोणत्या दराने घेऊ?"

दुसरी कुठलीही बाई इथे थांबली असती. अटी कोणत्या म्हणून विचारलं असतं. पण वहिनींनी उभा जन्म बुटांच्या दुकानात काढला होता. बूट किरकोळ दराने विकत घ्यायचा? शेतात राहणाऱ्याने गवत विकत घ्यावं तसं ते! भाऊंना कळलं असतं, तर त्यांनी एकवेळ परपुरुष माफ केला असता, पण किरकोळ दर केला नसता.

"किरकोळ? आम्ही? भलतंच काय! व्यापारी दरानेच घ्या."

पडदा अक्षरांनी भरून गेला. एजंटने विचारलं, वाचून दाखवू का? मागे भाऊंचं घोरणं अडखळलं. वहिनी घाईने म्हणाल्या, "नको नको, वाचते मी." आणि त्यांची नजर आयुष्यभराच्या सरावाने सरळ तळाशी गेली, जिथे फुली असते तिथे. तिथे एक चौकट लुकलुकत होती. "आपण सर्व अटी वाचल्या आहेत का?" हो. "आपली खात्री आहे का?" हो. वहिनींनी चेहरा दाखवला. यंत्राने या वेळी पहिल्या फटक्यात ओळखला.

बूट आले ते भर गर्दीच्या संध्याकाळी. स्टुलावर शाळेतल्या बाई बसल्या होत्या आणि भाऊ त्यांच्या पायाशी बसून अर्ध्या नंबरचं महत्त्व समजावत होते. शेजारचे घड्याळवाले नेहमीप्रमाणे दाराशी टेकून उभे होते. तेवढ्यात सामानवाल्याने हातगाडीवरून एक भलंमोठं खोकं आत ढकललं. कमरेएवढं.

"कुणाचं हे?" भाऊ उठले.

"तुमचंच. लेडीज वॉकिंग, नंबर सहा, पूर्ण पेटी. मालकांची मंजुरी आहे."

"मालक मी आहे!"

सामानवाल्याने आपला फोन पुढे केला. पडद्यावर वहिनींचा चेहरा होता. जरा घाबरलेला, पण अधिकृत.

घड्याळवाले खूश झाले. "भाऊ, वहिनींनी कारभार हातात घेतला वाटतं!"

"तुम्ही तुमचे काटे सांभाळा," भाऊ म्हणाले आणि वहिनींकडे वळले. "हे काय आहे?"

वहिनी पुढे आल्या. "मी एकच जोड मागवला होता."

"ही पेटी आहे! एका नंबरची अख्खी पेटी! एका नंबरची पेटी कोण मागवतं? दुकान आहे की पलटण?"

भाऊंनी तिथल्या तिथे बूट पाठवणाऱ्या कंपनीला फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू जावा म्हणून मोठ्याने लावला. तिथेही तसलाच एक सभ्य आवाज होता.

"खरेदी मालकांच्या डिजिटल ओळखीने मंजूर झालेली आहे. आपण कोण बोलता?"

"मी भाऊ बोलतोय."

"आपलं या दुकानाशी काय नातं?"

भाऊंनी सभोवार पाहिलं. ही खोकी, ही स्टुलं, हा आरसा, गुडघे झिजेपर्यंत ज्या जमिनीवर ते बसले ती जमीन. "मी... मी इथे असतो," ते म्हणाले.

शाळेतल्या बाईंनी हसू लपवायला खाली आरशात पाहिलं, तर आरशातही त्या हसतच होत्या.

"आपल्याला मालकांनी कसलीही परवानगी दिलेली दिसत नाही," आवाज म्हणाला. "मालकांची इच्छा असेल, तर पेटी न फोडता याच गाडीने परत पाठवता येईल. त्यासाठी त्यांची मंजुरी लागेल."

"हात्तिच्या! एवढंच ना?" भाऊंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दुकानाचा फोन वहिनींच्या तोंडासमोर धरला. "मालकीणबाई, चेहरा!"

वहिनींनी मान जरा बाजूला घेतली.

"थांबा. चष्मा आणते."

"चष्मा कशाला? तोंड दाखवायचंय, वाचायचं नाहीये."

"एकदा न वाचता दाखवलं त्याचं हे झालं," वहिनी म्हणाल्या आणि आत जाऊन चष्मा घेऊन आल्या. रिकाम्या स्टुलावर बसल्या. फोन मांडीवर ठेवून वाचू लागल्या. आधी जुनी मंजुरी वाचली. तिथे सगळं होतं. पूर्ण पेटी, फोडल्यावर परत नाही, सगळं ठसठशीत अक्षरांत. एजंटने काही लपवलं नव्हतं. मग त्यांनी नवी मंजुरी वाचायला घेतली. सामानवाला म्हणाला, "गाडी रस्त्यात उभी आहे, काकू." भाऊ येरझाऱ्या घालत होते. वहिनी वाचत होत्या. अर्थशास्त्राच्या परीक्षेनंतर इतकं मन लावून त्यांनी काही वाचलं नव्हतं.

"सगळे जोड परत जाणार," त्या शेवटी म्हणाल्या.

"सगळेच जाणार! मग काय अर्धे?"

"आणि माझे?"

"तुझे काय?"

"माझे बूट."

भाऊंना हे कळेचना. "अगं, दुकान भरलंय बुटांनी! तुला हवे ते घे. अख्खी भिंत तुझी आहे!"

"मग सहा नंबर दाखवा."

भाऊ शिडीवर चढले. एक खोकं काढलं, झाकण उघडलं, मिटलं. दुसरं काढलं. आठ होता, साडेसात होते, नऊ होता. धूळ उडाली. शिडीवरून त्यांनी घड्याळवाल्यांकडे उगाचच रागाने पाहिलं.

"सहा नाहीये. सहा टिकतच नाही. निम्म्या बायकांचे पाय सहाचे. आला की खपतो."

"आला की खपतो?" वहिनींनी विचारलं.

"हातोहात."

"मग पेटी खपेल की."

भाऊ शिडीवरच होते. वहिनींनी गल्ल्यातली कात्री घेतली. भाऊ वरून ओरडले, "फोडलीस तर परत जाणार नाही हं! बघ हं!" पेटी खपली नाही तर? भाऊंचा रक्तदाब वाढला तर? लेकीला कळलं तर ती धावत येईल, रजा जाईल, नोकरीवर परिणाम होईल. हे सगळं मनात येऊन गेलं, तोवर कात्री चिकटपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊनही आली होती.

सामानवाला रिकामी हातगाडी घेऊन निघून गेला.

वहिनी स्टुलावर बसल्या. भाऊ शिडीवरून उतरले. काहीतरी खरमरीत बोलायचं म्हणून ते पुढे आले, पण स्टुलावर माणूस बसलेलं दिसलं की त्यांचे गुडघे आपोआप वाकत, ते आजही वाकले. त्यांनी करडा बूट हातात घेतला, नाडी सैल केली, वहिनींची टाच तळहातावर घेऊन अलगद आत सरकवली. बोटांशी अंगठा दाबून पाहिला. त्या पावलाचं माप त्यांनी आजवर कधी घेतलंच नव्हतं. त्यांना ते समजलं असावं, कारण त्यांनी नाडी दोनदा सोडून दोनदा बांधली.

"टोचतोय का कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चालून दाखव."

वहिनी दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. भाऊ मान तिरकी करून त्यांच्या पायांकडे बघत होते.

"भाऊ," शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मलाही तेच दाखवा बरं."

नवरा तिथेच संपला आणि दुकानदार जागा झाला. "दाखवतो की! खास मागवलेला माल आहे. आजच आलाय."

त्या पेटीने भाऊंच्या तत्त्वज्ञानात क्रांती केली. इतकी वर्षं अर्धा नंबर मोठा घ्या म्हणणारे भाऊ आता येणाऱ्या प्रत्येक बाईला सहा नंबर पुरतो असं शपथेवर सांगू लागले. पाचची बाई आली तर म्हणत, "पाय वाढतो, वय वाढलं की." साडेसहाची, सातची आली तर म्हणत, "घट्टच घ्यावा. पाय बांधलेला राहतो. चार दिवसांत सैल होईल." हवाबिवा सगळी इतिहासजमा झाली. पेटी बघता बघता रिकामी झाली. एकाच नंबरची पूर्ण पेटी उचलण्याची कल्पना आपलीच होती, हेही भाऊ घड्याळवाल्यांना सांगू लागले. "धंद्यात धाडस लागतं," ते म्हणायचे.

लेकीचा फोन आला, तेव्हा तिने विचारलं, "आई, तो एजंट बंद करू का? तुला झेपत नसेल तर..."

"राहू दे. वाईट नाहीये तो. आता मी वाचते." मग जरा थांबून, "तुला नंबर किती लागतो गं बुटाचा? खरा?"

"आई!"

"विचारून ठेवते. मागवत नाहीये."

आता वहिनी रोज सकाळी चालायला जातात. दुकानांची दारं बंद असतात, रस्ता झाडून झालेला असतो. आधी त्या कोपऱ्यापर्यंत जायच्या, मग पुलापर्यंत, आता पुलापलीकडच्या बागेला फेऱ्या घालतात. टाच कुरकुरते अजून, पण आरडाओरडा करत नाही. चालताना एक मात्र होतं. पाच-दहा पावलांवर समोरून करडे बूट येतात. औषधांच्या दुकानातली मुलगी, दूधवालीबाई, ग्रंथालयातल्या दोघी. सारा रस्ता एका शाळेचा गणवेश घातल्यासारखा. काहीजणी झपाझप जातात आणि वहिनींना हात करतात. वहिनींना त्या वेळी आपण खरोखरच कशाच्या तरी मालकीण असल्यासारखं वाटतं.

काहीजणी मात्र झपाझप जात नाहीत.

एक दिवस बागेच्या कठड्यावर शाळेतल्या बाई बसलेल्या दिसल्या. एक बूट काढून हातात धरलेला, अंगठा चोळत होत्या.

"काय झालं हो?"

"काही नाही. जरा चावतोय. भाऊ म्हणाले सैल होईल."

"नंबर काय तुमचा?"

"साडेसहा. पण भाऊ म्हणाले..."

वहिनींनी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. लाल झाला होता, नखाच्या कडेला सुजला होता. त्या शेजारी बसल्या. अशा अंगठ्याने आधी पाऊल वाकडं पडतं, मग घोटा, मग गुडघा. पुढची वाट त्यांना पाठ होती.

"घालू नका हे आता. आज दुकानात घेऊन या, बदलून देते."

"अहो, पण मी वापरलेत! तळ मळलाय. वापरलेला बूट भाऊ परत घेतात होय?"

"नाही घेत."

"मग?"

"मी घेते ना."

शाळेतल्या बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "चिडतील हो भाऊ. आणि मला एकटीला बदलून दिलेत, तर त्या औषधवाल्या मुलीलाही द्यावे लागतील. तीही परवा लंगडत होती."

हे वहिनींच्या मनातच आलं नव्हतं. किती जणी असतील अशा? त्यांनी मनातल्या मनात येणारे-जाणारे करडे बूट डोळ्यांपुढे आणले आणि बोटांवर मोजून पाहिले. इतके जोड परत आले तर ठेवायचे कुठे? साडेसहाचे आणायचे कुठून? भाऊंना सांगायचं कसं, आणि ते न्याहारीच्या आधी की नंतर?

"तिलाही घेऊन या," त्या उठत म्हणाल्या. "नंतर सांगते त्यांना. खाणं झाल्यावर."

आणि ऊन चढायच्या आत अजून एक फेरी व्हायची होती, म्हणून चालू लागल्या.